नाकातल्या नळीनं खाल्लेलं नवं

खरं सांगते, यंदा धान घरात आलं तेव्हा माझा देवावरचा विश्वास पार उडाला होता. बाबूजींना लकवा झाला, गिळणं बंद पडलं आणि ते नाकात नळी घेऊन, मायसोबत फुलचूरला माझ्या घरी आले. दवाखान्यातल्या सिस्टरनं सगळं शिकवलं होतं. उशी देऊन उंच बसवायचं, सिरिंजनं ओढून नळी पोटातच आहे ना ते बघायचं, गाळलेली पातळ पेज हळूहळू सोडायची, मग कोमट पाणी. ते मला जमलं. मायला सांभाळणं काही जमेना.

आमच्याकडे नव्या तांदळाचा पहिला घास घरच्या कर्त्याचा. गावाहून नवा तांदूळ आला, देवापुढं ठेवला आणि मायनं अन्नच सोडलं. नुसत्या चहावर राहायची.

"तुहे बाबूजी जेवले नाई, मी कशी जेवू?"

"अवं माय, पेज देऊन राहिली ना मी त्यायले!"

"नाकातून जाते ते का जेवण होय?"

तिला शुगर. उपाशीपोटी गोळी घेऊन चक्कर यायची, भिंत धरून बसायची. एकदा तर माझी पाठ वळताच तिनं बाबूजींच्या तोंडात भाताचा घास घातला. ते खोकून खोकून निळे पडले. कसाबसा घास बाहेर आला. मी मायवर इतकी ओरडले की शेजारीण धावत आली.

दुसऱ्या दिवशी मी नागऱ्याच्या देवळात गेले ती महादेवाशी भांडायलाच. "एकाले लकवा दिला, आता दुसरीले उपाशी मारतं का?" असं म्हणून तिथंच ढसाढसा रडले.

बाजूला एक म्हातारी नैवेद्याचं ताट घेऊन बसली होती. "काऊन रडून राहिली व बाई?" मी सगळं सांगितलं. ती सहज म्हणाली, "देव तोंडानं खाते का? तरी आपण त्याले दाखवूनच खातो ना व!" माझ्या हातावर प्रसाद ठेवून ती निघून गेली. नाव विचारायचंही सुचलं नाही.

घरी येऊन नव्या तांदळाची पेज केली, गाळली. वाटी आधी देवापुढं ठेवली, मग सिरिंज मायच्या हातात दिली. म्हातारीचं बोलणं सांगितलं. मायनं पदर डोक्यावर घेतला, अगदी पूजेला बसावी तशी. मी नळी धरली, तिनं पेज सोडली. पाणी देऊन झालं. वाटीत थोडी पेज उरली होती. बाबूजींनी चांगल्या हातानं ती वाटी तिच्याकडे सरकवली.

"जेवले व तुहे बाबूजी," माय म्हणाली आणि रडत रडत ती उरलेली पेज प्यायली.

ती म्हातारी कोण होती, हे मी शोधत बसले नाही. माझं डोकं चालेनासं झालं, तेव्हा महादेवानं वाट दाखवली, एवढं मला पुरतं. बाबूजी अजून नळीवरच आहेत. नळी निघावी असं रोज मागते, पण कधी निघेल ते आता त्याच्यावर सोडलंय. माय मात्र बाबूजींच्या मागोमाग रोज पोटभर जेवते. तिला जेवताना पाहिलं की माझे हात आपोआप जोडले जातात.