मोकळा रकाना

"मॅडम, त्यांचा नंबर पुन्ना आलाय," मंगलताई फोनवर म्हणाल्या. तिसऱ्यांदा. मी कपाळावर हात मारून घेतला.

मी एका टेलिकॉम कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात सिस्टीम सांभाळते. ग्राहकाने मागितलं तर त्याची माहिती पुसून द्यायची, हे आता कायद्यानेच आलंय. काही नोंदी सरकारी नियमाने ठेवाव्या लागतात, बाकीच्या पुसायच्या. ती सोय आमच्या टीमने बांधली. साहेबांनी केकसुद्धा कापला.

मंगलताईंची मागणी एवढीशी होती. त्यांच्या सिमच्या फॉर्मवर 'दुसरा नंबर' या रकान्यात नवऱ्याचा नंबर होता. त्याच्या मारहाणीला कंटाळून त्या घर सोडून गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याला आल्या होत्या, ऊसतोडीला सोबत असलेल्या एका मैत्रिणीकडे. नवऱ्याला पत्ता ठाऊक नव्हता. त्यात सिम बिघडलं; मला फोन करायच्या तोही मैत्रिणीच्या मोबाईलवरून. नवीन सिम घेतलं की आमची सिस्टीम दुसऱ्या नंबरवर मेसेज टाकते: सिम बदललं, अमुक गावच्या अमुक दुकानातून. फसवणूक होऊ नये म्हणून केलेली सोय. इथे तीच नवऱ्याला चकलांब्याचा रस्ता दाखवणार होती!

मी नंबर पुसायचे. मंगलताई दुकानात जायच्या आणि म्हणायच्या, "दादा, सिम मागनं द्या, आदी स्क्रीनवर बगा." नंबर असायचाच. त्या तशाच माघारी.

मी बॅकअप तपासला, म्हणजे राखून ठेवलेली प्रत. तिथून काही येत नव्हतं.

साहेब म्हणाले, "तिकीट क्लोज आहे ना?" तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद.

"क्लोज आहे सर. पण नंबर परत येतोय."

"रिपोर्टमध्ये तर सगळं हिरवं दिसतंय."

"अहो सर, रिपोर्ट हिरवा आहे म्हणून त्या बाईने मार खायचा का?"

शेवटी कुठल्या लॉगिनवरून नंबर भरला जातोय ते काढलं. हे आधीच बघायला हवं होतं, पण कोणी हाताने भरत असेल असं डोक्यातच आलं नाही. लॉगिन आमच्या गेवराईच्या वितरकाचं होतं. मी तडक गेवराई गाठली.

तिथे अशोकराव फॉर्म भरायचं काम करतात. टेबलावर जाडजूड वही.

"हा नंबर तुम्ही भरता?"

"मीच की! दर सोमवारी मोकळ्या रकान्यांची यादी येती. ही बाई सारखी यादीत हाय. वहीत बगायचं न् टाकायचं. गिऱ्हाईक तोडीला कर्नाटकात गेल्यावर कुटं हुडकायचं? म्हणून मी दुसरा नंबर लिवूनच घेतो. एक रकाना मोकळा सोडत न्हाई, मॅडम."

"यादी कोण पाठवतं?"

"तुमचंच पुण्याचं ऑफिस की!"

खरंच. माझ्या शेजारी बसणारी टीम. मी पुसायचे, ते रकाना मोकळा म्हणून यादीत घालायचे, अशोकराव इमानदारीत भरायचे. असा संताप आला की काय सांगू! पण अशोकरावांवर ओरडायला तोंड कुठे होतं?

पुण्याला परतल्यावर मी सुचवलं, पुसलेल्या जागी 'ग्राहकाने पुसायला लावलं' अशी खूण ठेवायची. साहेब म्हणाले, "पुसल्याची नोंद ठेवायची? मग पुसलं काय?"

"सर, नाहीतर कोणीतरी भला माणूस परत भरतो."

मंजुरीला तीन मीटिंगा लागल्या. खूण बसल्यावर एक सोमवार मुद्दाम जाऊ दिला. रकाना मोकळाच राहिला. मग मी पुन्हा गेवराईला गेले, मंगलताईंनाही तिथेच बोलावलं. सगळं कळल्यावर अशोकराव ओशाळले. त्यांनी वही काढून त्या नंबरावर पेनाने जाड रेघ मारली.

मंगलताईंनी वही उचलली, खिडकीकडे धरली. "वाचाया येतंय की, दादा."

अशोकरावांनी त्या पानावरचे बाकीचे नंबर दुसरीकडे उतरवले, पान फाडलं आणि त्यांच्या हातात दिलं. मंगलताईंनी त्याचे बारीक बारीक तुकडे केले, पदरात बांधले आणि मगच म्हणाल्या, "आता द्या सिम."

मेसेज कुठेच गेला नाही.

हल्ली पुसण्याचं कुठलंही काम आलं की पहिल्या मीटिंगला मी विचारते, "वही कोणाकडे आहे?" सगळे हसतात. हसा म्हणावं.