मारुतीचा मेंढा

पोस्टिंग बर्फातल्या डोंगरात होतं. मी हवालदार, लष्करातल्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. मारुती खेचरं हाकणारा शिपाई. सांगोल्याकडचा, माझ्याच गावचा. सकाळी मी खेचरांचा ताप बघायचो, खूर तपासायचो, मग तो रेशन लादून वरच्या पोस्टवर निघायचा. एका दुपारी कडा कोसळला. मारुती गेला.

आता मी रिटायर आहे. बायको वारली, घर खायला उठतं. म्हणून रोज मारुतीच्या आईच्या मेंढरांकडं फेरी मारतो. मी तिला मावशी म्हणतो. तिचंही दुसरं कुणी नाही.

यंदा मावशीचे पाय दुखत होते, म्हणून चराईवरून मेंढरं चालत न आणता ट्रकनं आणली. वाटेत पाऊस लागला. भिजतील म्हणून तिनं ताडपत्री चारी बाजूंनी गच्च आवळायला लावली. मायेपोटीच केलं, पण आत हवा कोंडली. मॅनहायमिया नावाचा जंतू धडधाकट मेंढराच्या, गुराच्याही नाकाघशात गप बसून असतो. दमणूक, गर्दी, कोंदट हवा झाली की फुफ्फुसात उतरतो. नोकरीत आमच्याकडून हे घोकून घेतलं होतं.

घरी आल्यावर मेंढा खाईना. शेवटच्या रजेत मारुतीनं बाटलीनं दूध पाजून जगवलेला. विकायचा नाही, कापायचा नाही, असं मावशीनं ठरवलेलं. मी सरकारी डॉक्टरांना फोन लावला.

"साहेब, रिपोर्ट देतो. ताप एकशे सहा. नाक वाहतंय. तोंड उघडं टाकून धापतोय."

"निघालो. बाकीच्यांपासून वेगळा काढा."

मी त्याला जाळीच्या कुंपणाबाहेर काढलं. मावशी आडवी आली.

"एकल्याला बाहीर? न्हाय."

"मावशी, सगळीच जातील की."

"मग मीबी बाहीरच."

मेंढ्याचं दावं हाताला गुंडाळून ती बाभळीखाली बसली.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. कळप वाचला. मेंढ्याला उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची धाप थांबली.

मावशी रडली नाही. हातातलं दावं तसंच धरून म्हणाली, "मारुती तितं एकलाच व्हता का रं?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मला याच प्रश्नाची धास्ती होती.

"न्हाय मावशी. खेचर व्हतं संगं. उकरून काढलं तवा दावं त्याच्या हाताला गुंडाळल्यालंच व्हतं."

"मग बरं हाय," ती म्हणाली.

खड्डा मी खणला. मावशी दावं सोडेना, शेवटी कापावं लागलं. मारुतीच्या हातातलंही मीच कापलं होतं.