नानाजीले समजलं का?

आमच्या वाचनालयाच्या कपाटात नवीन पुस्तक घालायचं म्हटलं तर आधी एखादं जुनं काढावं लागतं. किस्स्यांचं तसं नाही. डोक्यात कितीही आले तरी मावतात, आणि कोणी काही विचारलं की उत्तराच्या आधी तेच बाहेर पडतात.

वडशाच्या या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते. मी जंगलखात्यात वनमजूर होतो, चौथीपर्यंत शिकलो. दर रविवारी चार वाजता इथे लिहिणारी मंडळी जमतात. मी दार उघडतो, चहा ठेवतो आणि दाराजवळच्या बाकावर बसून ऐकतो. मंडळ चालवणारे गुरुजी शाळेतून रिटायर झालेले. कोणाचं वाचून झालं की ते माझ्याकडे वळतात, "नानाजीले समजलं का?" मला समजलं नाही तर पुन्हा लिहायचं, असा नियम! त्यामुळे नवीन पोरंपोरी आता मलाच विचारतात, "नानाजी, लिहायचं कसं?" मला काय माहीत? मी जे पाहिलं ते सांगतो.

*

मोबाईल रिपेअर करणारा प्रशांत पहिल्यांदा गोष्ट घेऊन आला. त्यातला शेतकरी धानाच्या बांधीत उभा राहून बायकोला म्हणतो, "प्रिये, माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे!"

गुरुजींनी विचारलं, "हा कुठचा रे?"

"आपल्या नागभीडकडचा, गुरुजी."

"मंग पुण्याहून कधी आला?"

सगळे हसले. प्रशांत लाल झाला. पुढच्या रविवारी तोच शेतकरी म्हणाला, "मले काही सुचून नाई राह्यलं वो." या वेळी कोणी हसलं नाही. मी तर चहा उतू घालवला!

*

या वर्षी मला घोर होता तो सुनंदाचा. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. नवरा बाहेरगावी कामाला, घरात ती आणि सासू, दोघीच. तिने सासूवर गोष्ट लिहिली. सासू तरुणपणी एकदा घर सोडून निघाली होती आणि अर्ध्या वाटेवरून परत आली होती. धानातलं निंदण काढताना तिनेच हे सुनेला सांगितलेलं. एरवी घरात तो विषय कोणी काढत नाही.

चंद्रपूरच्या एका दिवाळी अंकाला गोष्ट आवडली. फक्त होकार कळवायचा होता. पण सासूला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"नानाजी, सासूबाई रुसली तं मी लिहिणंच सोडून देईन," सुनंदा मला म्हणाली. खरं सांगतो, तिची वही मला माझ्या लेकीसारखी वाटायची. मी तिच्या कपात चहा थोडा जास्त ओतला.

*

बँकेत एक बाई बदलून आल्या. शहरातल्या, मायाळू. त्यांच्या गोष्टीची नायिका मोहाच्या झाडावर चढून ओंजळभर फुलं खुडते. मी सहसा मध्ये बोलत नाही. त्या दिवशी हात वर केला.

"बाई, मोह खुडत नाईत. तो आपोआप खाली पडते. सकाळी वेचतेत."

बाई घाबरल्या. "अहो, मग माझ्या नायिकेचं काय करू? ती तर वर चढून बसली आहे!"

गुरुजी म्हणाले, "उतरवा तिले!"

मोहाच्या दिवसांत बाई धानोऱ्याकडे गेल्या आणि गावच्या बायांसोबत सकाळभर फुलं वेचून आल्या. आता त्यांच्या गोष्टीत फुलांच्या वासाचं एकच वाक्य आहे, आणि कंबरदुखीची दोन पानं!

*

प्रशांतच्या दुसऱ्या गोष्टीत चार पानं नुसता सूर्यच उगवत होता. गुरुजी म्हणाले, "पहिली दोन पानं फाड."

तो पुढच्या रविवारी आला आणि वाचू लागला. सूर्य पुन्हा तसाच, हळूहळू!

"अरे, पानं नाई फाडली?"

"फाडली ना गुरुजी. पण पहिली फाडायले जीव होत नव्हता, म्हणून शेवटची दोन फाडली."

गुरुजींनी उरलेली गोष्ट मन लावून ऐकली. फाडलेल्या पानांत प्रशांतने गोष्टीचं तात्पर्य लिहिलं होतं.

"हेबी बरोबरच झालं," गुरुजी म्हणाले. "आता पहिलीबी फाड!"

*

मग एकदा प्रशांतचं लिहिणंच थांबलं. "मूड लागून नाई राह्यला," तो म्हणाला.

गुरुजींनी मला विचारलं, "नानाजी, तुम्ही उन्हाळ्यात वणवे विझवत होते. कधी मूड लागला नाई असं झालं का?"

मी विचार करून म्हणालो, "मूड मले कोणी विचारलाच नाई. हजेरी विचारत होते."

तेव्हापासून गुरुजी रविवारी सगळ्यांची हजेरी घेतात. आठवड्यात काय लिहिलं ते सांगायचं. एकदा सुनंदा हळूच म्हणाली, "एकच ओळ लिहिली गुरुजी. तेबी खोडली."

"हजर!" गुरुजी म्हणाले.

*

"छान" हा शब्द आमच्याकडे बंद आहे. गुरुजी म्हणतात, त्याने लिहिणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पहिले काही रविवार त्यामुळे कोणी बोलेचना! मग बँकेतल्या बाईंची एक गोष्ट वाचून झाल्यावर मी म्हणालो, "बाई, गोष्टीतला तुमचा बुढा सकाळपासून चालून राह्यला. जेवला कधी?"

बाईंनी पानं उलटसुलट पाहिली. "अगंबाई, विसरलेच!"

पुढच्या रविवारी त्यांनी त्याला पोटभर जेवू घातलं. मलाही बरं वाटलं.

*

अंकाला कळवायची मुदत जवळ आली तेव्हा सुनंदाने गुरुजींना विचारलं.

"दोन कामं कर," गुरुजी म्हणाले. "खरी नावं बदल. आन् जिची गोष्ट आहे, तिले आधी ऐकव."

नावं तिने लगेच बदलली, एकूण एक. ऐकवायला मात्र तीन रविवार गेले. घरी वाचायची हिंमत होईना, म्हणून चौथ्या रविवारी ती सासूलाच घेऊन आली. सासूबाई माझ्याशेजारी बाकावर बसल्या आणि बशीत ओतून चहा प्यायल्या.

सुनंदा उभी राहिली. पानं उघडून वाचू लागली. गोष्टीतली बाई पहाटे घर सोडते, नदीपर्यंत येते, काठावर बसून हमसून हमसून रडते. मग तिला गोठ्यातली म्हैस आठवते. ती म्हैस दुसऱ्या कोणाला धार काढू देत नाही. बाई उठते आणि मागे वळते.

वाचून झालं. गुरुजी माझ्याकडे वळले नाहीत. सगळे सासूबाईंकडे पाहत होते.

"मी रडली नाई," सासूबाई म्हणाल्या.

सुनंदाचा चेहरा उतरला.

"भूक लागली होती म्हणून बसली. बांधून आणलेला भात खाल्ला."

"खोडून टाकीन, आई."

सासूबाईंनी बशी खाली ठेवली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "रडली असती तं बरंच झालं असतं. छापून आलं की मले एक पुस्तक देजो."

सुनंदा खाली बसली. माझा श्वास इतक्या जोराने सुटला की प्रशांतने वळून पाहिलं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि मला पुन्हा चहा ठेवायला सांगितलं.

निघताना सासूबाईंनी चपला घातल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. सुनेकडे वळून म्हणाल्या, "माहं नाव बदललं, ते ठीक केलं. पण म्हशीचं काऊन बदललं?"