माझ्या मापाची सीट

त्या मुलाचं वाईट व्हावं असं मला सलग पाच महिने रोज वाटत होतं, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. कधीतरी त्याची आठवण निघाली की आधी त्याची सरळ, उंच पाठ डोळ्यांपुढे येते. माझी पाठ सरळ नाही. सातवीत असताना आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगच्या जिन्याच्या कठड्यावरून खाली पडलो, तेव्हापासून माझी कंबर डावीकडे दोन बोटं खाली आहे. शिंप्याला माप देताना आई हे हळू आवाजात सांगायची.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझे बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात फोरमन होते. मालकांना मोटार शर्यतींचं वेड होतं. मद्रासला आणि कोइमतूरला तेव्हा एकाच माणसाने बसायच्या, उघड्या चाकांच्या छोट्या गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. इंजिन आठशे सीसीच्या साध्या मोटारीचं, बाकी सांगाडा पाइप जोडून आपला आपण बनवायचा. एकवीसच्या आतल्या मुलांचा वेगळा गट असे. मालकांनी त्या गटात गाडी उतरवायची ठरवलं. बाबांनी आठ महिने राबून ती बनवली, आणि चालवणार कोण, तर मी. मालकांनी स्वतः माझ्या खांद्यावर हात ठेवून तसं सांगितलं होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, डिप्लोमाचे दोन विषय राहिले होते, आणि आयुष्यात कुणी आपल्याला निवडलं असं पहिल्यांदाच घडत होतं.

अशा गाडीची सीट ड्रायव्हरच्या अंगाच्या मापाने करतात, नाहीतर वळणावर माणूस आत नुसता घरंगळतो. कोलशेतला खाडीकाठी होड्यांना फायबर मारणारे एक कोळी आजोबा बाबांच्या ओळखीचे होते. त्यांनी मला सांगाड्यात गोणपाटावर बसवलं, अंगाला प्लास्टिक गुंडाळलं आणि खालून, मागून ओलं प्लास्टर भरलं. तासभर तसंच बसायचं.

"हालू नको रं पोरा. हाललास त जलमभर तुलाच टोचंल," आजोबा म्हणाले. साचा निघाल्यावर त्यांनी तो उन्हात धरून पाहिला आणि हसले. "तुजी होरी डावीकरं कलते रं. आता यात दुसरा कोन बसाचा नाय."

ती सीट खरंच डावीकडे खोल आणि उजवीकडे उंच होती. मी तीत बसलो की जन्मात पहिल्यांदा सरळ बसल्यासारखं वाटायचं.

कल्याणच्या पुढे युद्धाच्या काळातली एक जुनी धावपट्टी आहे, तिथे आम्ही सराव करायचो. उन्हाळ्यात गावातल्या बायका तिच्यावर मिरच्या वाळत घालत. त्यांना विनवून एक बाजू मोकळी करून घ्यायची, तरी गाडीच्या वाऱ्याने मिरच्या उडायच्याच. एक बाई तर रोज कमरेवर हात ठेवून उभी असायची. बाबा आधी खाली वाकून तिच्या मिरच्या गोळा करायचे आणि मग स्टॉपवॉच हातात घ्यायचे. मे संपेपर्यंत मी त्या पट्टीवर डोळे मिटून गाडी चालवली असती.

मग गणपतीत मालकांच्या घरी आम्ही दर्शनाला गेलो. त्यांच्या बहिणीचा मुलगा हॉस्टेलचं शिक्षण संपवून आला होता. हातात प्रसादाची प्लेट देता देता मालक म्हणाले, "यंदा गाडी आमचा भाचा चालवेल. तू काय, टीममध्ये आहेसच. पाटी धर." मी बाबांकडे बघितलं. बाबांच्या हातात मोदक होता. "ठीक आहे, साहेब," ते म्हणाले आणि मोदक खाल्ला.

तो मोदक त्यांनी खाल्ला याचाच मला जास्त राग आला. भाचा परका होता, त्याला काय कळणार. पण ज्या माणसाने महिनाभर वाकून मिरच्या गोळा केल्या त्याने एक शब्द काढला नाही. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही आणि घरी आल्यावरही नाही.

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीतली झाडून सगळी तरुण मंडळी नटूनथटून फडके रोडला येतात. त्या वर्षी मी मित्रांबरोबर तिथे उभा होतो, तर समोरून भाचा आला तो शर्यतीचा सूट घालून. तो सूट माझ्यासाठी शिवलेला होता. त्याला पायात चार बोटं आखूड होत होता. कॉलरच्या आत आईने दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्याचा टाका घातला होता, तो त्याच्या मानेला लागलेला होता. पोरी वळून बघत होत्या. माझ्यासमोर थांबून तो म्हणाला, "काय रे, कसा दिसतो?" मी म्हटलं, "मस्त." आणि त्याच क्षणी ठरवलं की याला मी सोडणार नाही.

पाटी म्हणजे काय ते सांगतो. ड्रायव्हरला गाडीत बसून मागचा किती जवळ आलाय ते कळत नाही. म्हणून पिटमधला, म्हणजे ट्रॅकच्या कडेला टीमची माणसं थांबतात तिथला, एक जण कठड्याशी उभा राहून दर फेरीला काळी पाटी दाखवतो. तिच्यावर आकडे अडकवायचे: कितवा नंबर, किती फेऱ्या उरल्या, मागचा किती सेकंदांवर आहे. पाटीवर जे लिहिलं असेल त्यावर त्याचा जीव. मालकांनी ती पाटी माझ्या हातात दिली होती, आणि मी ती फार मन लावून धरायला शिकलो.

भाचा वाईट चालवायचा असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तो बरा होता. मद्रासच्या पहिल्या शर्यतीत दुसरा आला, नंतरच्यात पहिला. फक्त उतरताना लंगडायचा. "काका, ही सीट बदला ना," तो बाबांना म्हणायचा. "उजवीकडे फार टोचते."

"सीट बदलली की गाडीचा तोल बिघडतो," बाबा सांगायचे. "स्पंज लावून देतो." आणि मग शेडमध्ये जमिनीवर बसून, चष्मा नाकावर ओढून, ते त्याच्यासाठी स्पंज कापायचे. मी दारातून त्यांची पाठ बघायचो. माझ्या सीटला, परक्या पोराला मऊ लागावं म्हणून, माझा बाप सोल्यूशन फासत होता. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भाच्याने तीनदा सांगितलं आणि बाबांनी तीनदा आणखी एक थर चढवला.

सगळं शेवटच्या शर्यतीवर आलं, कोइमतूरला. भाचा पहिला आला तर मोसमाचं विजेतेपद त्याचं. मागे एक हिरवी गाडी होती. पाच फेऱ्या उरल्या तेव्हा ती दोन सेकंदांवर आली. मी आकड्यांच्या पेटीत हात घातला आणि नऊचा आकडा काढून अडकवला.

पुढच्या फेरीलाही नऊ. त्याच्या पुढच्याही. मालक मागे खुर्चीत बसले होते, त्यांना पाटीची पाठच दिसत होती. बाबा माझ्या डाव्या हाताला उभे होते. त्यांनी पाटी पाहिली की नाही, मला माहीत नाही. भाच्याची गाडी ढिली पडलेली मला दिसली, आणि मला हसू आवरेना. शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर, हिरवी गाडी आतल्या बाजूने निघून गेली. मी नऊचा आकडा काढून पेटीत ठेवला. मला जराही वाईट वाटलं नाही. आतून गोड वाटलं, आणि ते गोड मला कितीतरी दिवस पुरलं.

भाच्याला दोघांनी धरून गाडीतून काढावं लागलं. मालकांचं वेड त्या दिवशी उतरलं. वर्षभरात गाडी विकली गेली. मी राहिलेले दोन विषय सोडवले आणि नोकरीला लागलो. बाबांशी मी कामापुरतं बोलायचो. गॅस आलाय, लाइट गेलीय, एवढंच. सात वर्षं असं चाललं.

सात वर्षांनी मालकांच्या मुलीचं लग्न झालं. डोंबिवलीच्या कार्यालयात पंगतीला भाचा नेमका माझ्या शेजारी बसला. तो जाडा झाला होता, छान हसत होता. मला ते हसणं सहन होईना. सूड घेतला तरी ज्याच्यावर घेतला त्याला माहीत नसेल तर त्यात काय मजा. मठ्ठा वाढून झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. नऊचा आकडा, तीन फेऱ्या, सगळं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसतच म्हणाला, "पाटी? अरे, शेवटच्या दहा फेऱ्या मी पाटीकडे बघितलंच नाही. उजवा पाय पार बधिर झालेला. ब्रेक दाबतोय की नाही तेच कळत नव्हतं. ती सीट रे. प्रत्येक स्पंजनंतर जास्तच दुखायची. काकांना किती वेळा सांगितलं." मग त्याने जिलेबी मागितली.

सात वर्षं मी जे जपून ठेवलं होतं ते माझं नव्हतंच.

घरी आलो तेव्हा बाबा खिडकीशी मिक्सर उघडून बसले होते. मी चप्पलही न काढता विचारलं, "बाबा, सीट बदलली तर गाडीचा तोल खरंच बिघडला असता?"

"कसला तोल," ते वर न बघता म्हणाले. "दोन दिवसांचं काम."

"मग बदलली का नाही?"

त्यांनी मिक्सरचं पातं पुसून बाजूला ठेवलं. "माळ्यावर आहे बघ. गाडी विकताना काढून घेतली."

स्टुलावर चढून मी ती खाली काढली. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, सुतळीने बांधलेली होती. स्पंज तसाच होता, पिवळा पडलेला, तीन थर. तो उजवीकडे लावलेला होता. सीट डावीकडे खोल, उजवीकडे आधीच उंच; सरळ पाठीच्या माणसाला बसवायचं तर स्पंज डावीकडे हवा, हे डिप्लोमा नापास पोरालाही कळतं. बाबांनी उजवीकडे लावला होता. तीनदा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक वॉशर उलटा बसवला नाही त्याने.

"त्याचा जीव गेला असता, बाबा."

"हो," बाबा म्हणाले. "साहेबांना नाही म्हणता आलं नाही मला. तो बारका स्क्रू दे इकडे."

मी स्क्रू उचलून त्यांच्या हातात दिला. मग सीट जमिनीवर ठेवली आणि तीत बसलो. स्पंज उजव्या मांडीला टोचायला लागला. बाबा मिक्सर जोडत होते, मी त्यांच्याकडे बघत बसलो, आणि उजवा पाय बधिर होईपर्यंत उठलो नाही.