दांडी त्याची, बटणं माझी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा रविवारची दुपार होती. वहिनीचं नाव दिसलं आणि मला वाटलं, आज खेळायला उमरग्यात नेट चालत नसेल, तेवढं सांगायचं काम दादानं तिच्यावर ढकललं असेल. मी हसतच फोन घेतला. "वन्सं, तुमचे दादा राहिले न्हाईत," एवढंच ती बोलली... छातीत दुखतंय म्हणून स्वतःच्या पायानं दवाखान्यात गेलेला माणूस तिथल्या बाकावरच संपला होता. माझ्या सासरहून, ईटहून, उमरगा गाठेपर्यंत मी त्याच्यावर नुसती चिडत होते. ही काय जायची वेळ होती?

आमच्या मामाचं उमरग्याच्या स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. मुलींनी तिथं पाऊल टाकायचं नाही, हा घरचा कायदा. म्हणून दुपारी शटर ओढलेलं असताना दादा मला मागच्या दारानं आत घ्यायचा. धड चालणारं मशीन एकच, त्यातही एकाच खेळणाऱ्याची बाजू शाबूत. मग वाटणी झाली. जॉयस्टिकची दांडी त्याची, बटणं माझी. पडद्यावर पैलवान एकच, पाय दादाचे आणि हात माझे. समोरचा टप्प्यात आला की दादा "आता" म्हणायचा आणि मी ठोसा हाणायचे. पडद्यावर आमच्यापुढं कुणी टिकायचं नाही.

दुकान बंद होऊन मशीन भंगारात निघालं, तेव्हा दांडी आणि बटणं बसवलेली फळी तेवढी दादानं कापून घरी आणली. ती माळ्यावर पडून राहिली. दादा हायवेवर ट्रकांचं वायरिंग करू लागला, मी लग्न होऊन ईटला आले, शाळेत शिकवू लागले. मध्यंतरी मला फार वाईट दिवस आले... ते कशानं, हे इथं सांगत नाही. मी कुणाचा फोनही घेईना. तेव्हा दादानं ती फळी खाली काढली. तारा गंजलेल्या, जुनं सर्किट आताच्या कॉम्प्युटरला जुळेना. व्हिडिओ बघून बघून त्यानं स्वतः नवा सर्किट बोर्ड आखला आणि बाहेरून बनवून आणला. पहिला जळाला. त्याला शिव्या घालत दुसरा केला. आणि मग शहाणा माणूस करणार नाही ते केलं, फळी मधोमध कापली. दांडी उमरग्यात, बटणं ईटला, दुसऱ्यासारखाच तिसरा करून दोन्हीकडं एकेक बोर्ड, मध्ये नेट. मी म्हटलं, अख्खी मलाच दिली असतीस तर निवांत खेळले असते.

"एकटीच खेळत बसशील, म्हणून तर तोडली," दादा म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही खेळायचो. नेटमुळं माझा ठोसा जरा उशिरा पोचायचा, म्हणून फोनवर "आता" तेवढंच आधी म्हणायची सवय त्यानं लावून घेतली. त्या रविवारांनी मला जगवलं, हे त्याला मी कधी सांगितलं नाही. त्याला ठाऊक असणार.

पाहुणे पांगल्यावर परवा वहिनीचा फोन आला. "वन्सं, म्या धरू का दांडी? तुमी सांगाल तसं हलवते."

नको म्हणवलं नाही. पैलवान पडद्यावर आला, अडखळत दोन पावलं पुढं सरकला. समोरचा चालून आला. माझी बोटं बटणांवर तयारच होती... आणि मारायचं कधी, हेच मला ठाऊक नव्हतं. ते दादाला कळायचं. मला ते कधी शिकावंच लागलं नव्हतं.

"काय करू, वन्सं?" वहिनी विचारत होती. ती माझ्या सांगण्याची वाट बघत होती आणि मी तिच्या. पैलवान जागच्या जागी उभा राहून मार खात होता.