शाळेच्या गच्चीवरचा सेट

पंचगंगेला पूर आला तेव्हा मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये हवालदार होतो. आमची तुकडी बेळगावहून मदतीला आली. माझं घर मंगळवार पेठेत, पण तिकडे फिरकायला सवड नव्हती. कळंब्याला कंट्रोल रूम लावली आणि मी रेडिओ सेटवर बसलो.

मोबाईल टॉवर बंद पडले होते. नाव कुठं पाठवायची, डॉक्टर कुठं हवा, सगळं रेडिओवरच ठरत होतं. नदीकाठच्या एका गावात उरलेली माणसं शाळेच्या गच्चीवर चढली होती. त्यांच्यासोबत आमचा नाईक रफिक मुल्ला सेट घेऊन होता. कागलकडचा, कमी बोलणारा. आजूबाजूला रडारड चालू असली तरी त्याचा आवाज एकसारखा यायचा. असा ऑपरेटर मी दुसरा पाहिला नाही.

दुपारी तो म्हणाला, “कंट्रोल, आपली नाव विजेच्या तारांत अडकलीय. नावेत बायामुलं हाईत. लाइन बंदच ठेवा. ओव्हर.”

त्याच वेळी सबस्टेशनवर दुरुस्ती संपत आली होती. तिथंही आमचा एक सेट होता. मी बटण दाबलं.

“सर्व स्टेशन शांत. सबस्टेशन, लाइन चालू करू नका. ओव्हर.”

खरखरीतून उत्तर आलं, “स्विचवर हात होता. थांबवलंय. ओव्हर.”

नाव सुटली. मग खेपा सुरू झाल्या. संध्याकाळी शाळेच्या भिंतीला तडा गेला. आमच्या कॅप्टन साहेबांनी माझ्याकरवी निरोप दिला, “मुल्ला, तूही या नावेत बस.”

“मी बसलो तर एक म्हातारी मागं राहतीय, साहेब. तिला बसवतो. मी पुढच्या खेपेला.”

थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला. “नाव काठाला लागलेली दिसली. सगळी माणसं पोचली. ओव्हर.”

“रॉजर. तुझ्यासाठी नाव निघालीय. ओव्हर.”

उत्तर आलं नाही. नाव परत गेली तेव्हा शाळेच्या जागी पाणी होतं. दुसऱ्या दिवशी रफिकचा देह नदीच्या खालच्या अंगाला सापडला.

पूर ओसरल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या अम्मीने विचारलं, “शेवटी काय म्हणाला त्यो?”

मी सांगितलं.

“ओव्हर म्हंजी काय रं?”

“माझं झालं, आता तू बोल.”

“मग बोललास न्हवं तू?”

“बोललो की, अम्मी. नाव निघालीय म्हणून सांगितलं.”

तिने पदराने डोळे पुसले. “मग ऐकलं असंल त्यानं,” ती म्हणाली.