अठ्ठावीस वजनाचे दोन वायू

खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने मुरलेली नारळाची सोडणं उपसायला घेतली, की आमच्या गावच्या, आचऱ्याच्या वाऱ्यावर एक कुबट, गंधकी दर्प पसरे. त्या दर्पात नाकाला पदर वा पंचा न लावता उभा राहणारा एकच माणूस मी पाहिला. आणि साऱ्या किनारपट्टीवर त्यांच्याइतका हट्टी पुरुष जन्मला नाही, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. ते माझे धाकटे मामा. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ते वायू पारखणारी यंत्रे सांभाळत. पदवी नव्हती, नाक होते, आणि मान न तुकवण्याची जन्मजात खोड होती.

दोन गोष्टी शेजारी ठेवून ताडून पाहिल्याशिवाय त्यांचा जीव स्वस्थ बसत नसे. रजेवर आले की गावातल्या दोन विहिरींचे पाणी, दोन माडांची शहाळी, दोन भटजींचे शंख, सगळ्यांची परीक्षा होई. एकदा त्यांनी मामीची आणि शेजारणीची बांगड्याची आमटी डोळ्यांवर पंचा बांधून तीन-तीनदा चाखली आणि निकाल कोळशाने स्वयंपाकघराच्या दारावर लिहिला. जिंकली शेजारीण. मामीने चार दिवस त्यांच्या ताटात बांगडा वाढला नाही. आईने निकाल पुसायला सुचवले, तर म्हणाले, पुसल्याने तिच्या आमटीतली तिरफळं वाढणार आहेत का?

साठ सालाच्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत दोन मास स्पेक्ट्रोमीटर पारखायला आले. वायूचे कण वजनानुसार निवडणारी ही यंत्रे एरवी खोलीभर पसरत. ही दोन्ही टेबलावर मावणारी. एक देखणे, आवाज न करणारे. दुसरे बोजड आणि घरघरणारे. एका कारखान्याच्या भट्टीपाशी हवा तपासायला त्यांतले एक जायचे होते. मामांनी दोघांना आधी स्वच्छ हवा दिली, मग कोंडलेल्या निखाऱ्यांची, कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली. देखण्याने दोन्ही वेळा अठ्ठावीसच्या आकड्यावर तीच रेघ काढली. बोजडाने मात्र दुसऱ्या वेळी खाली बारावर कार्बनची बारीक खूण दाखवली. देखण्याची पट्टी तिथवर पोचतच नव्हती.

आचऱ्याच्या ओटीवर हे मला समजावताना त्यांचा आवाज खाली आला होता. "दोघांचां वजन अठ्ठावीस, गो. नायट्रोजन आपल्या वाटेन जाता. दुसरो जीव घेता, आणि त्येका वास नाय."

प्रयोगशाळेच्या साहेबांनी देखणे यंत्र आधीच पसंत केले होते. रजेवरच्या मामांना त्यांचे पत्र आले: दोन्ही यंत्रे सारखीच सक्षम आहेत, एवढे लिहून सही पाठवा; अन्यथा परत येण्याची तसदी घेऊ नये.

मामी दाराच्या चौकटीत उभी होती. दोन मुलींची शिक्षणे व्हायची होती. "एक सही केल्यार हात झडतलो काय तुमचो?" तिने विचारले.

"भट्टीकडे उभे रवतत, त्यांका इचार," मामा म्हणाले.

माझे अक्षर चांगले, म्हणून उत्तर मी लिहायचे ठरले. कॉलेजात मी कविता शिकत होते. मी 'नम्रतापूर्वक', 'अल्पमतीनुसार' अशी मोरपिसे खोवली. मामांनी एकेक उपटून काढले. उरले एकच वाक्य: आपण पसंत केलेले यंत्र विषारी वायू ओळखत नाही, सबब मी सही करणार नाही.

नोकरी गेली. पुढची वर्षे त्यांनी गावच्या शाळेत विज्ञान शिकवले, मुलींना माडाच्या उत्पन्नावर शिकवले, आणि लोकांनी त्यांना हेकेखोर म्हटले. म्हणोत. त्या भट्टीवर पुढे कोणते यंत्र गेले, हे आम्हाला कधीच कळले नाही, त्यांनाही नाही. ही एक गोष्ट त्यांना जाईपर्यंत सलत राहिली.

मला मात्र पोस्टाच्या तांबड्या पेटीपाशी उभी राहिलेली मीच आठवते. पाकीट निम्मे आत, निम्मे माझ्या बोटांत. बोटे मिटली असती तर नकार पोचला नसता, मामांचे मन वळवायला मामीला आणखी चार दिवस मिळाले असते, आणि कदाचित तिचे घर वाचले असते. मामा मागे होते. त्यांनी माझा हात धरला नाही, पाकीटही घेतले नाही. नुसते म्हणाले,

"घाल."